मोटारीच्या धुराचा हिशेब कोणी द्यायचा?

१९५३ सालची गोष्ट आहे. अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरावर त्या काळी दिवसचे दिवस एक पिवळसर, डोळ्यांना झोंबणारे धुके पसरून राहत असे. त्या भागाच्या स्थानिक राज्यकारभाराची जबाबदारी असलेल्या मंडळाचे एक सदस्य केनेथ हान यांनी डेट्रॉइटच्या बड्या मोटार-कारखानदारांना पत्रे लिहून एक साधा प्रश्न विचारला : मोटारींतून बाहेर पडणारा विषारी धूर कमी करण्यासाठी आपल्या कारखान्यात काही संशोधन चालू आहे काय? फोर्ड कंपनीकडून आलेल्या उत्तराचा आशय असा होता की, इंजिनातून वायू बाहेर पडतात हे आमच्या तंत्रज्ञांना ठाऊक आहे. परंतु ते हवेत चटकन विरून जात असल्यामुळे त्यांपासून प्रदूषणाचा प्रश्न उद्भवतो असे त्यांना वाटत नाही.

ज्या सुमारास हे उत्तर लिहिले गेले त्याच सुमारास त्याच शहराजवळच्या एका प्रयोगशाळेत आरी हागेन-स्मिट हे डच वंशाचे रसायनशास्त्रज्ञ नेमके उलट सिद्ध करून बसले होते. अननसाच्या स्वादातील द्रव्ये वेगळी काढण्यात रमलेल्या या संशोधकाने धुक्याकडे लक्ष वळविले, आणि मोटारींच्या व तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या धुरातील हायड्रोकार्बन व नायट्रोजनची ऑक्साइडे यांवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन हे विषारी धुके तयार होते, हे दाखवून दिले. धूर विरून जात नव्हता, तो केवळ रूप पालटत होता. हान यांचा पत्रव्यवहार मात्र पुढे एका तपाहून अधिक काळ चालू राहिला. पत्रांना उत्तरे येत राहिली, आणि धुके होते तेथेच राहिले.

या जुन्या पत्रव्यवहाराची आठवण आज काढण्याचे कारण एवढेच की, मोटार-कारखानदारांच्या पर्यावरणविषयक जबाबदारीचा जो वाद आज भारतासह जगभर चालू आहे, त्यातील बहुतेक सगळे युक्तिवाद त्या पत्रव्यवहारात आणि त्यानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांच्या इतिहासात येऊन गेलेले आहेत. कारखानदाराने काय करावे, सरकारने काय करावे आणि ग्राहकाने काय करावे, याची चर्चा करताना या इतिहासाची उजळणी केली, तर बरीचशी वादावादी वाचण्यासारखी आहे.

अशक्य म्हटलेले शक्य झाले

१९६९ च्या जानेवारीत अमेरिकेच्या न्यायखात्याने देशातील चार बड्या मोटार कंपन्या व त्यांची संघटना यांच्यावर खटला भरला. धूर कमी करणारी उपकरणे लवकर बाजारात येऊ नयेत म्हणून या कंपन्यांनी आपापसांत संगनमत केले, असा आरोप होता. त्याच वर्षी तडजोड होऊन हा खटला मिटला. कंपन्यांनी अपराध कबूल केला नाही, पण असे संगनमत न करण्याचे बंधन त्यांना पत्करावे लागले. पुढच्याच वर्षी, म्हणजे १९७० साली, अमेरिकन काँग्रेसने शुद्ध हवेचा कडक कायदा संमत केला आणि १९७५ पर्यंत नव्या मोटारींतील कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन यांचे प्रमाण ९० टक्क्यांनी घटले पाहिजे, असे बंधन घातले. साहजिकच कारखानदारांनी एकच आरडाओरड केली. हे तंत्रज्ञान अस्तित्वातच नाही, कारखाने बंद पडतील, असे त्यांचे म्हणणे होते आणि त्यांना मुदतवाढही मिळाली.

परंतु १९७२ साली जपानच्या होंडा कंपनीने आपले सीव्हीसीसी नावाचे इंजिन अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेपुढे ठेवले आणि ते १९७५ च्या कसोटीला उतरले. तेव्हा, छोट्या खेळण्यासारख्या इंजिनात हे जमेल, आमच्या मोठ्या गाड्यांत जमणार नाही, असा नवा आक्षेप निघाला. होंडा कंपनीने १९७३ च्या बनावटीची एक भलीमोठी शेव्हरोले इम्पाला गाडी विकत घेतली, तिच्या आठ सिलिंडरांच्या इंजिनावर आपली रचना बसविली आणि ती गाडीही त्याच कसोटीला उतरवून दाखविली. अशक्य आणि गैरसोयीचे या दोन शब्दांतील अंतर कारखानदाराच्या तोंडी पुष्कळदा पुसले जाते, याचे यापेक्षा ठळक उदाहरण क्वचितच सापडेल.

धुरापाठोपाठ इंधनाचा प्रश्न आला. १९७३ च्या ऑक्टोबरात अरब राष्ट्रांनी तेलाचा पुरवठा रोखला आणि थोड्याच महिन्यांत खनिज तेलाचा भाव पिंपामागे सुमारे ३ डॉलरवरून १२ डॉलरच्या घरात गेला. भारतात पेट्रोलच्या दरवाढीचा निषेध म्हणून अटलबिहारी वाजपेयी त्या नोव्हेंबरात बैलगाडीतून संसदेत गेले. अमेरिकेत पेट्रोलपंपांपुढे मोटारींच्या रांगा लागल्या. त्या वेळी अमेरिकेतील नवी मोटार एका लिटरमध्ये सरासरीने साडेपाच-सहा किलोमीटर जात असे. १९७५ च्या डिसेंबरात राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी ऊर्जाविषयक कायद्यावर सही केली. प्रत्येक कंपनीने वर्षभरात विकलेल्या सर्व मोटारींची सरासरी काढावी आणि ती सरासरी १९८५ पर्यंत गॅलनला साडेसत्तावीस मैल, म्हणजे लिटरला सुमारे पावणेबारा किलोमीटर, इतकी झाली पाहिजे, अशी त्यातील तरतूद होती. ‘कॅफे’ या संक्षिप्त नावाने आज भारतीय वृत्तपत्रांतही वावरणारा नियम तो हाच.

कायदा होण्यापूर्वी फोर्ड कंपनीने काँग्रेसपुढे साक्ष दिली होती की, असे बंधन आले तर बाजारात केवळ इटुकल्या मोटारीच उरतील. तसे काही झाले नाही. गाड्यांचे वजन कमी झाले, इंजिने सुधारली, पुढच्या चाकांना शक्ती देण्याची पद्धत रूढ झाली, आणि एका दशकात इंधनक्षमता जवळजवळ दुप्पट झाली. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००२ साली काढलेल्या हिशेबानुसार, ही सुधारणा झाली नसती तर त्या देशाला रोज २८ लाख पिंपे तेल अधिक लागले असते. कोणा कारखानदाराच्या सद्भावनेने ही बचत झाली असे म्हणता येणार नाही. तेलाचा भडकलेला भाव आणि कायद्याचा बडगा या दोहोंचे ते फळ होते. भाव उतरले तेव्हा काय घडले, हे पाहिले म्हणजे कायद्याचे महत्त्व आणखी स्पष्ट होते. १९८६ पासून कंपन्यांच्या विनंतीवरून सरकारने ही मर्यादा काही वर्षे खाली आणली, आणि सुधारणेची गती तेथेच मंदावली.

कायद्यातील मेख

या कायद्यात एक मेख होती. शेतकरी, सुतार, गवंडी यांच्या मालवाहू गाड्यांना घरगुती मोटारींचा नियम लावणे अन्यायाचे होईल, या रास्त विचाराने ‘हलके ट्रक’ असा एक वेगळा वर्ग करण्यात आला आणि त्यासाठी बरीच सौम्य मर्यादा ठेवण्यात आली. १९७५ च्या सुमारास अशा गाड्या पाचांत एक एवढ्याच होत्या. परंतु कारखानदारांच्या लक्षात आले की, ट्रकच्या सांगाड्यावर गुबगुबीत आसने आणि वातानुकूलन बसविले की ती गाडी कुटुंबाला विकता येते आणि कायद्याच्या लेखी ती ट्रकच राहते. स्पोर्ट्स युटिलिटी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अवजड गाड्यांचा सुळसुळाट झाला तो यातून. १९७८ साली पेट्रोल पिणाऱ्या गाड्यांवर बसविलेला खास करही या वर्गाला लागू नव्हता. क्रायस्लरची पीटी क्रूझर ही दिसायला सरळसरळ मोटार. पण मागची आसने काढून सपाट जागा करता येते, एवढ्या आधारावर ती हिशेबात ट्रक ठरली. हमर एच-टू ही गाडी तर इतकी जड होती की, ती या नियमाच्या कक्षेच्याच बाहेर गेली. म्हणजे थोडे वजन असेल तर सवलत आणि फार वजन असेल तर संपूर्ण माफी, असा हा उफराटा न्याय!

परिणाम आकड्यांत दिसतो. अमेरिकेतील नव्या गाड्यांची प्रत्यक्ष सरासरी १९८७ साली गॅलनला २२ मैल होती. ती २००४ साली १९.३ मैलांवर घसरली. या सतरा वर्षांत इंजिनांत सुधारणा झाली नाही असे नव्हे. उलट, पुष्कळ झाली. परंतु ती सगळी गाडीचे वजन आणि इंजिनाची ताकद वाढविण्यात खर्ची पडली.

येथे अंकगणिताचा एक लहानसा मुद्दा ध्यानात घेतला पाहिजे. कारण ‘गाडी ॲव्हरेज किती देते?’ या नेहमीच्या प्रश्नात तो झाकला जातो. एक गाडी लिटरला २० किलोमीटर जाते. ती २५ जाऊ लागली, तर दहा हजार किलोमीटरांच्या प्रवासात ५०० ऐवजी ४०० लिटर, म्हणजे १०० लिटर पेट्रोल वाचेल. दुसरी गाडी लिटरला ५ किलोमीटर जाते. ती १० जाऊ लागली, तर तेवढ्याच प्रवासात २,००० ऐवजी १,००० लिटर, म्हणजे १,००० लिटर वाचेल. दोन्हीकडे सुधारणा पाचच किलोमीटरांची. पण बचतीत दसपट फरक. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, हे लक्षात घेतले म्हणजे कायद्याची नजर आधी कोणत्या गाडीवर पडली पाहिजे, हे वेगळे सांगायला नको.

कारखानदाराची बाजू

कारखानदारांची बाजू अगदीच पोकळ आहे असे मानणे मात्र अन्यायाचे होईल. त्यांचा पहिला मुद्दा असा की, ग्राहकाला हवे असते ते आम्ही बनवितो. मोठी गाडी कोणाच्या गळ्यात आम्ही बांधत नाही. दुसरा मुद्दा सुरक्षिततेचा. हलकी गाडी अपघातात अधिक धोकादायक ठरते, आणि वर उल्लेखिलेल्या २००२ च्या अहवालातच बहुसंख्य सदस्यांनी असे मत नोंदविले होते की, आधीच्या दशकांत गाड्या लहान व हलक्या केल्यामुळे १९९३ या एका वर्षात १,३०० ते २,६०० जादा मृत्यू घडले असावेत. तिसरा मुद्दा इंधनाचा. पेट्रोल-डिझेलमध्ये गंधक किंवा शिसे असेल तर उत्तमातील उत्तम उपकरणही निकामी होते. ते दूर करणे हे तेल कंपन्यांचे काम. चौथा मुद्दा कामगारांच्या पोटाचा आहे, आणि चाकण, पिंपरी, नाशिक येथील हजारो घरांच्या चुली मोटारधंद्यावर पेटतात हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना तो हसण्यावारी नेता येणार नाही.

या प्रत्येक मुद्द्याला उत्तर आहे. पण ते कारखानदाराला सर्वस्वी दोषी ठरविणारे नाही. ग्राहकाची आवड आकाशातून पडत नाही. ती घडविण्यासाठी जाहिरातींवर अमाप पैसा ओतला जातो, आणि नफा जास्त कोणत्या गाडीत आहे, हे पाहूनच तो ओतला जातो. सुरक्षिततेविषयी त्याच अहवालात दोन सदस्यांनी भिन्नमतपत्रिका जोडली होती. शिवाय जड गाडी आतल्यांना वाचवीत असेल, तर समोरच्या हलक्या गाडीतल्यांचा, दुचाकीवरच्यांचा आणि पायी चालणाऱ्यांचा धोका ती वाढवीत असते. सगळ्यांनीच वजन वाढवीत जायचे, ही सुरक्षितता नव्हे, शर्यत आहे. इंधनाचा मुद्दा मात्र निखालस खरा आहे. शिसेरहित पेट्रोल देशभर मिळू लागल्याखेरीज भारतात धूर शुद्ध करणारी उपकरणे सर्वत्र बसविणे शक्य नव्हते, आणि ते व्हायला २००० साल उजाडावे लागले. जबाबदारी वाटून घ्यावी लागते, याचा अर्थ ती कोणाचीच नाही असा होत नाही.

मग ही जबाबदारी कारखानदारांच्या वचनावर सोपवावी काय? हाही प्रयोग होऊन गेला आहे. १९९८ साली युरोपातील मोटार-कारखानदारांच्या संघटनेने युरोपीय आयोगाला स्वेच्छेने वचन दिले की, २००८ पर्यंत नव्या गाड्यांतून निघणारा कार्बन डायऑक्साइड किलोमीटरमागे सरासरी १४० ग्रॅमवर आणू. २००८ साल उजाडले तेव्हा सरासरी १५० ग्रॅमच्या वरच होती. पुढच्या वर्षी युरोपीय संघाने कायदा केला, २०१५ साठी १३० ग्रॅमची मर्यादा घातली आणि दंड ठरविला. ती मर्यादा कारखानदारांनी २०१३ सालीच, म्हणजे दोन वर्षे आधी, गाठली. तेच कारखाने, तेच तंत्रज्ञ. फरक पडला तो वचन आणि कायदा यांतला.

माप कोणाच्या हाती?

कायदा झाला तरी माप खरे असावे लागते. दुकानदाराच्या हाती तराजू आणि त्याच्याच हाती वजने असतील, तर गिऱ्हाइकाने सावध राहिलेच पाहिजे. युरोपात प्रयोगशाळेतील आकडा आणि रस्त्यावरील प्रत्यक्ष आकडा यांतील तफावत या शतकाच्या आरंभी सुमारे ९ टक्के होती. २०१५ च्या सुमारास ती ४० टक्क्यांच्या घरात गेली. म्हणजे कागदावर झालेल्या सुधारणेचा बराच भाग कागदावरच राहिला.

या तफावतीचे सर्वांत कुरूप दर्शन २०१५ च्या सप्टेंबरात घडले. फोक्सवॅगन या जर्मन कंपनीने आपल्या डिझेल गाड्यांत अशी संगणकीय योजना केली होती की, गाडी चाचणीच्या यंत्रावर आहे हे तिला ओळखता यावे आणि तेवढ्यापुरता धूर शुद्ध व्हावा. रस्त्यावर आली की नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे प्रमाण मर्यादेच्या चाळीस पटींपर्यंत जात असे. जगभरातील सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत ही लबाडी होती. ती उघडकीस आली, ती वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातील मूठभर संशोधकांनी गाडीच्या मागे मोजणीयंत्र बांधून तिला खऱ्याखुऱ्या रस्त्यावर फिरविल्यामुळे. २०१७ साली कंपनीने अमेरिकन न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि ४.३ अब्ज डॉलर दंड भरण्याचे मान्य केले.

या प्रकरणाचा एक धागा थेट महाराष्ट्रात येऊन पोहोचतो. या कंपनीचा कारखाना चाकणला आहे आणि भारतातील मोटारींची अधिकृत चाचणी घेणारी एआरएआय ही संस्था पुण्यातच वेताळ टेकडीवर आहे. १९६६ साली कारखानदार व केंद्र सरकार यांच्या सहकार्यातून ती स्थापन झाली. या संस्थेने भारतीय रस्त्यांवर तपासणी केल्यानंतर डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने सुमारे ३ लाख २४ हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलाविण्याचे जाहीर केले. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने मार्च २०१९ मध्ये ५०० कोटी रुपये दंड ठोठावला. त्यावर सक्तीची कारवाई करू नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा अंतरिम आदेश झाला. भारतीय नियमांचा आपण भंग केलेला नाही, कारण रस्त्यावरील चाचणी त्या नियमांत सांगितलेलीच नव्हती, अशी कंपनीची बाजू होती. कायद्याच्या भाषेत हा युक्तिवाद कितपत टिकतो, हे न्यायालयाने ठरवायचे. पण त्याने नियमातील उणीव अचूक दाखविली, हे नाकारता येत नाही. प्रत्यक्ष रस्त्यावरील मोजणी भारतात सक्तीची झाली ती एप्रिल २०२३ पासून.

आणि १९६९ चा संगनमताचा आरोप आता इतिहासजमा झाला असे कोणाला वाटत असेल, तर जुलै २०२१ मधील युरोपीय आयोगाचा निर्णय पाहावा. डिझेलचा धूर शुद्ध करण्याच्या तंत्रात कायद्याच्या किमान गरजेपलीकडे चढाओढ करायची नाही, असे जर्मन कंपन्यांनी आपापसांत ठरविले होते, असा निष्कर्ष काढून आयोगाने फोक्सवॅगन गट व बीएमडब्ल्यू यांना मिळून ८७.५ कोटी युरो दंड केला. तिसऱ्या कंपनीने हा प्रकार स्वतःहून उघड केल्यामुळे तिला दंड माफ झाला. यात लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, अधिक चांगले तंत्र त्यांच्यापाशी होते. ते वापरायचे नाही एवढेच ठरले होते.

भारतापुढील प्रश्न

भारताने या मार्गावर पावले टाकली आहेत आणि त्यांतील काही धाडसाची आहेत. मार्च २०१७ मध्ये, जुन्या ‘भारत स्टेज-३’ मानकाच्या गाड्या १ एप्रिलनंतर विकता येणार नाहीत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला. त्या वेळी कंपन्यांकडे अशी सुमारे ८ लाख २४ हजार वाहने शिल्लक होती आणि त्यांत बहुतेक दुचाकी होत्या. लोकांचे आरोग्य व्यापारी हितापेक्षा मोठे आहे, अशी न्यायालयाची भूमिका होती. शेवटच्या दोन दिवसांत सवलतीच्या दरात स्कूटर घेण्यासाठी दुकानांपुढे उडालेली झुंबड अनेक वाचकांच्या स्मरणात असेल. त्यानंतर पाचवी पायरी गाळून देश एकदम सहाव्या पायरीवर गेला आणि एप्रिल २०२० पासून तेलातील गंधकही दशलक्षात ५० भागांवरून १० भागांवर आले. एवढ्या थोड्या मुदतीत हे जमणार नाही, अशी कुरकुर झाली होती, ते जमले.

इंधनक्षमतेचा नियम एप्रिल २०१७ मध्ये लागू झाला. पहिल्या टप्प्यात किलोमीटरमागे १३० ग्रॅम आणि २०२२ पासून दुसऱ्या टप्प्यात ११३ ग्रॅम, अशी त्याची ढोबळ मर्यादा आहे. ११३ ग्रॅम म्हणजे पेट्रोलच्या हिशेबात लिटरला सुमारे वीस-एकवीस किलोमीटर. २०२२ च्या दुरुस्तीने दंडही स्पष्ट केला. मर्यादा ओलांडली तर प्रमाणानुसार गाडीमागे २५ हजार किंवा ५० हजार रुपये.

परंतु मेख येथेही आहे. ज्या कंपनीच्या गाड्या सरासरीने जड, तिला मर्यादा सैल. ज्या कंपनीच्या हलक्या, तिला कडक, अशी या सूत्राची रचना आहे. शिवाय एक विजेची गाडी हिशेबात तीन गाड्यांइतकी धरली जाते आणि तिचा धूर शून्य मानला जातो. भारतातील वीज मात्र अद्याप सुमारे तीन-चतुर्थांश कोळशावरच तयार होते. विजेच्या गाड्यांना उत्तेजन देणे योग्यच. पण एका विजेच्या गाडीच्या आडून काही अवजड डिझेल गाड्या हिशेबात खपून जाव्यात, हा त्यामागचा हेतू खचित नसावा. २०२३-२४ पासून देशात विकल्या जाणाऱ्या प्रवासी गाड्यांपैकी अर्ध्याहून अधिक ‘युटिलिटी’ वर्गातील आहेत. अमेरिकेतील हलक्या ट्रकांची कथा येथे पुन्हा घडू पाहत आहे, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

सप्टेंबर २०२५ मध्ये तिसऱ्या टप्प्याचा जो मसुदा पुढे आला, त्यात ९०९ किलोपर्यंत वजनाच्या, चार मीटरपेक्षा लांब नसलेल्या आणि १,२०० घनसेंटीमीटरपर्यंतच्या इंजिनाच्या पेट्रोल गाड्यांना काही ग्रॅमांची सवलत सुचविली होती. त्यावरून कारखानदारांतच जुंपली. लहान गाड्यांचा मोठा धंदा असलेल्या मारुतीने अशा सवलतीचा पुरस्कार केला. टाटा आणि महिंद्र यांनी तिला विरोध केला. एका कंपनीच्या सोयीसाठी नियम वाकवू नये आणि वजनावर बोट ठेवून सुरक्षिततेची उपेक्षा करू नये, हे विरोधकांचे म्हणणे होते. लहान गाडी मुळात कमी तेल पिते, मग तिलाच नियम जाचक का, हा समर्थकांचा प्रश्न होता. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. आणि दोन्ही बाजूंचा स्वार्थही उघड आहे. २००६ च्या अर्थसंकल्पाने चार मीटरच्या आतल्या गाड्यांना करसवलत दिली, तेव्हा लांब गाड्यांच्या डिक्या आखूड करून त्या सवलतीत बसविण्यात आल्या, हा अनुभव ताजा आहे. नियमात जेथे रेघ ओढावी तेथे गाडी वळते. म्हणून रेघ अशी असावी की, तिच्यामागे धावताना कारखानदाराने तेलच वाचवावे. वजनाची सवलत हळूहळू काढून घेणे आणि सर्वांना एकाच मापाने मोजणे, हा लहान गाडीला न्याय देण्याचा सरळ मार्ग आहे. मग वेगळ्या सवलतीची गरजच उरणार नाही.

धुराचे वाटेकरी

या सर्व वादात ज्याचा आवाज ऐकू येत नाही, तो माणूस मोटारीत बसलेला नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील शंभर कुटुंबांपैकी आठांच्या आसपास कुटुंबांकडेच मोटार आहे. उरलेली कुटुंबे एस. टी.च्या थांब्यावर, लोकलच्या फलाटावर, सायकलवर, दुचाकीवर किंवा पायी असतात. धूर मात्र सर्वांच्या वाट्याला सारखा येतो. किंबहुना काचा बंद करून बसलेल्यापेक्षा थांब्यावर उभ्या असलेल्या शिक्षकाच्या, कारकुनाच्या, शाळकरी मुलाच्या वाट्याला तो अधिक येतो. तेलाच्या आयातीवर खर्च होणारे परकी चलनही सर्व देशाचे असते. म्हणूनच इंधनक्षमता हा मोटारमालक आणि कारखानदार यांच्यातील खाजगी व्यवहार नव्हे. ज्याने गाडी घेतलेली नाही, त्याचाही या सौद्यात हक्क आहे आणि तो हक्क कायद्याखेरीज दुसरे कोणी बजावू शकत नाही.

अर्थात, कारखानदारावर सगळे खापर फोडून शासनाला आणि ग्राहकाला हात झटकता येणार नाहीत. लिटरला तीस किलोमीटर जाणारी गाडीही चौकातल्या खोळंब्यात उभी राहिली की तिचे सगळे कौशल्य फुकट जाते. वेळेवर येणारी बस, चालण्याजोगा पदपथ आणि सुरक्षित सायकलमार्ग ही सरकारची व महापालिकांची जबाबदारी आहे. ग्राहकानेही शेजाऱ्यापेक्षा उंच गाडी घेण्यापूर्वी गरज आणि मिरवणूक यांतला फरक स्वतःशी करून पाहिला पाहिजे.

तरीही अखेर बोट पुन्हा कायद्यावर येते. अमेरिकेचेच ताजे उदाहरण आहे. पन्नास वर्षे टिकलेला तो इंधनक्षमतेचा कायदा रद्द झाला नाही. जुलै २०२५ मध्ये तेथील एका विधेयकाने त्याच्या भंगाबद्दलचा दंड तेवढा शून्य डॉलर केला. नियम पुस्तकात आहे, मर्यादा छापलेली आहे, आणि ती मोडल्याबद्दल भरायचे काही नाही! दंड नसलेल्या नियमाची किंमत युरोपातील १९९८ च्या वचनाएवढीच असते.

भारताला हे दोन्ही अनुभव आयते उपलब्ध आहेत. मर्यादा पुष्कळ वर्षे आधी जाहीर करावी, म्हणजे कारखानदाराला मुदतीची सबब उरणार नाही. मोजणी रस्त्यावर व्हावी, तिचे आकडे कंपनीनिहाय दरवर्षी लोकांसमोर यावेत आणि झालेला दंड वसूल व्हावा. वजनाला बक्षीस मिळू नये. एवढे झाले तर कारखानदार ते पाळतील. कारण त्यांच्या तंत्रज्ञांचे कौशल्य कधीच कमी पडलेले नाही, हे १९७२ पासून वारंवार सिद्ध झाले आहे. केनेथ हान यांनी १९५३ साली विचारलेला प्रश्न आज प्रत्येक नागरिकाने विचारण्यासारखा आहे. मात्र तो कारखानदारांना पत्र पाठवून विचारण्यापेक्षा आपल्या लोकप्रतिनिधींना विचारलेला बरा. उत्तर देण्याचे बंधन खरे त्यांच्यावर आहे.